चाव्या संपल्यानंतरचा सूर

१ फेब्रुवारी, रविवार

बँडच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम ठरला. २८ मार्च, टाउन हॉल. शेवटच्या ट्यूनमध्ये सॅक्सोफोनचा सोलो आहे आणि सोलोच्या टोकाला वरचा जी हा सूर. साधा जी नव्हे. वाद्यावरच्या चाव्या जिथे संपतात, त्याच्याही वरचा. तो धरून ठेवायचा, बाकी बँड गप्प, मग पडदा.

मास्तरांनी विचारलं, कोण घेतंय. (रिटायर्ड बँडमास्तर. आवाज चढवत नाहीत, भुवई चढवतात.) सॅक्सोफोनवर आम्ही दोघंच. मी आणि दातवाला. दातवाला म्हणजे डेंटिस्ट, पस्तिशीच्या आतला, मला काका म्हणतो. तो म्हणाला, काका म्हणतील तसं. मी हात वर केला. कोणीतरी जबाबदारी घ्यायला हवी.

मास्तरांची भुवई चढली. म्हणाले, नाही जमलं तर खालचा जी घ्या, ट्यून बिघडत नाही.

खालचा जी. मला.

२ फेब्रुवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काहीच नाही. माझी सगळी इस्टेट म्हणजे हे दोन कान. सायकलच्या हँडलला पान्यांची पिशवी अडकवून दारोदार पंप दुरुस्त करत फिरायचो, आज स्वतःचं वर्कशॉप आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला. कुठलं बेअरिंग जायला आलंय ते मी सांगतो. फोनवरून सांगतो. वर्कशॉपचा नियमच आहे. मी ऐकत असताना कोणी बोलायचं नाही. दोष सापडला की त्या बेअरिंगच्या झाकणावर खडूची फुली, आणि फुली मारलेलं बेअरिंग त्याच दिवशी निघालंच पाहिजे. खडू माझ्या शर्टाच्या खिशात. फुली दुसऱ्या कोणी मारायची नाही.

अशा माणसाला एक जी जड जावा?

संकल्प: रोज सकाळी एक तास. आजपासून.

आज उशीर झाला. उद्यापासून.

३ फेब्रुवारी, मंगळवार

एक तास. जी आला नाही. बदकासारखं काहीतरी आलं. पहिल्या दिवसाच्या मानाने उत्तम.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांकडे शिकवणी. ते म्हणाले, सगळ्यात खालच्या सुराची बोटं धरा आणि बोटं न हलवता नुसत्या गळ्याने वरचे सूर काढा. रोज. मी विचारलं, किती दिवस. म्हणाले, दिवस कशाला मोजता, वर्षभराने बघू. शिवाय सूर आधी मनात ऐकायचा, मग फुंकायचा, आणि दातांनी रीड, म्हणजे तोंडात धरायची ती वेताची पट्टी, आवळायची नाही.

मास्तरांबद्दल पूर्ण आदर आहे. पण पद्धत जुनी. वरच्या मजल्यावर पाणी चढवायचं तर तळमजल्यावर बसून वर्षभर मनात पाणी ऐकत नाहीत. हॉर्सपॉवर वाढवतात.

वाद्यांच्या दुकानातून रीड आणल्या, पाच नंबरच्या. सगळ्यात कडक. दुकानदार म्हणाला, काका, तुम्ही अडीचवर वाजवता ना. मी म्हणालो, पाच दे. जगात सगळेच मला काका म्हणतात.

७ फेब्रुवारी, शनिवार

पाच नंबरमधून नुसती हवा येते. पण हवेत दम आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या बाई येऊन हिला विचारून गेल्या, घरात कोणाला काही लागलंय का. हिने सांगितलं, ह्यांचा दात दुखतोय. संध्याकाळी बाईंनी गरम पाण्याची पिशवी पाठवली आणि चिठ्ठीवर एका चांगल्या डेंटिस्टचा नंबर. दातवाल्याचाच.

मी हिला म्हणालो, खोटं कशाला सांगायचं, सरळ सांग की रियाज आहे. ही म्हणाली की दात दुखतोय म्हटलं की माणसं सहानुभूती तरी दाखवतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दोष सापडला. वाद्य लीक आहे.

इतक्या सोप्या गोष्टीकडे मास्तरांचं, दातवाल्याचं कोणाचंच लक्ष गेलं नाही. प्रेशर टिकत नाही म्हणजे लीक. लीक शोधायची आमची पद्धत एकच, हायड्रो टेस्ट. सॅक्सोफोनच्या सगळ्या चाव्या रबर बँडने बंद केल्या, उभा धरला आणि वरून पाणी भरलं. फोरमन बघत होता. तो माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून आहे. घणाच्या कामाने त्याचे कान अर्धे गेलेत, पण नजर शाबूत. म्हणाला, मालक, आत चामडं दिसतंय. मी म्हणालो, पंपातही चामड्याचे वॉशर असतात.

एकूण सात ठिकाणी लीक. माझा अंदाज बरोबर होता.

११ फेब्रुवारी, बुधवार

चामड्याची पॅडं फुगली. आता एकही चावी बंद होत नाही.

वाद्य दुरुस्त करणाऱ्याने सॅक्सोफोन उलटा केला, थेंब पडले. त्याने विचारलं, नदीत पडला होता का. मी हो म्हणालो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वाद्य परत आलं. नवी पॅडं. आता कुठलाही दोष शिल्लक नाही. सूर लागलाच पाहिजे.

लागला नाही. उलट खालचा ओठ आतून कापला गेला. पाच नंबर असताना दातांनी धरल्याशिवाय रीड वाकत नाही, मी काय करू.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ओठ सुजला. ही म्हणाली, बाईंनी नंबर दिलाय तिकडे जा. गेलो. दातवाल्याने तोंडात लाइट मारला, आरसा फिरवला आणि त्या अवस्थेत मला भाषण दिलं. काका, तुम्ही चावताय. रीड चावली की तिला हलायला जागा राहत नाही. ओठ सैल ठेवा, जीभ वर घ्या, गळ्याचं काम गळ्याला करू द्या.

तोंडात आरसा असताना वाद घालता येत नाही. बाहेर आल्यावर लक्षात आलं, सोलो हवाय त्याला. सैल ओठाने मी स्टेजवर फजीत व्हावं असा डाव आहे. चेहरा किती गरीब. फीसुद्धा घेतली नाही, यावरून समजावं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हिने घरातला रियाज बंद केला. कारण: बाईंनी दातासाठी काढा करून आणला आणि तो हिला त्यांच्यासमोर मला पाजावा लागला.

कलाकाराला घरात जागा नसते. उद्यापासून वर्कशॉपमध्ये, कंप्रेसर रूममध्ये. पत्र्याचं दार, कोपऱ्यात चिंध्यांची पोती, कोणी येत नाही. कंप्रेसर आहे, पण तो माझ्या लेखी नाहीच. वीस वर्षं झाली, त्याचा आवाज मला ऐकूच येत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कन्या वर्कशॉपमध्येच असते. डिप्लोमा केला, वाइंडिंग शिकली, लेथवर हात बसला. आज परत खडूचा विषय काढला. म्हणाली, बाबा, तुम्ही नसता तेव्हा मला दोष ऐकू येतो, पण फुली मारता येत नाही म्हणून फोरमनकाका बेअरिंग काढत नाहीत, गिऱ्हाईक ताटकळतं. मी समजावलं. कान तयार व्हायला आयुष्य लागतं. घाई करू नये. तिने विचारलं, तुमचा जी कधी लागणार. मी म्हणालो, पाच आठवड्यांत.

तिने पुढे काही विचारलं नाही. समजूतदार आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बर्फाच्या कारखान्याचा मालक आला होता. आम्ही त्याला बर्फवालाच म्हणतो. पंपाची मोटार जळाली, अचानक गेली म्हणे. माझं नेहमीचं लेक्चर दिलं. साहेब, अचानक काही जात नाही. महिनाभर ओरडत असणार, तुम्हाला सवय झाली म्हणून ऐकू आलं नाही. फोरमनला हे पाठ आहे, तो ओठ हलवत होता.

बर्फवाल्याला कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. वरच्या जीबद्दल नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, जी म्हणजे काय. म्हणालो, त्या रात्री कळेल.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कन्या पाणीपुरवठ्याच्या पंप हाउसवर गेली. नवे पंप बसवायचेत, तीन-चार आठवडे तिकडेच. निघताना कंप्रेसर रूममध्ये डोकावली, काहीतरी सांगत होती. मी फुंकत होतो. हातानेच सांगितलं, नंतर.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कंप्रेसरच्या मोटारीवर, पट्ट्याच्या बाजूच्या बेअरिंगवर खडूची फुली दिसली. मी केव्हा मारली आठवत नाही. जुनी असणार. फडक्याने पुसून टाकली. नजर तिकडे जात होती, एकाग्रता होत नव्हती.

२ मार्च, सोमवार, सकाळी

लागला.

फोरमन बाहेर कंप्रेसरच्या हवेवर एअर गनने जुन्या मोटारींची धूळ उडवत होता, मी आत डोळे मिटून, पाच नंबर, पूर्ण ताकद. आणि अचानक डोक्यावरून निघून गेल्यासारखा स्वच्छ, पातळ, तारेसारखा सूर. फोनवर सूर मोजायचं ॲप आहे, त्याची सुई जीवर. मी दमून थांबलो तरी सूर खोलीत बराच वेळ रेंगाळला. पत्र्याच्या खोलीचा गुण. यालाच रेझोनन्स म्हणतात.

मास्तर वर्षभर म्हणाले होते. एक महिना लागला.

३ मार्च, मंगळवार

पुन्हा लागला. चार वेळा. निरीक्षणं नोंदवून ठेवतो, पुढे शिष्यांना उपयोगी पडतील.

एक. सूर ताबडतोब येत नाही. मी फुंकायला लागल्यावर केव्हातरी येतो. संयम हवा.

दोन. फोरमन एअर गन चालवत असतो तेव्हा हमखास लागतो. मेहनती माणसांच्या सहवासाने कलाकाराला बळ येतं.

तीन. जेवणाच्या सुट्टीत लागत नाही. भुकेचा परिणाम.

४ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत आधी जेवून घेतलं. तरी लागला नाही. भरल्या पोटाचा परिणाम.

५ मार्च, गुरुवार

लाइट गेली. तासभर एकही जी नाही. अंधारात ओठ आवळले जातात बहुतेक.

लाइट आल्याबरोबर लागला.

८ मार्च, रविवार

शाळेच्या हॉलमध्ये रिहर्सल. जी लागला नाही. हॉल बेकार आहे. आवाज खाऊन टाकतो. मास्तरांना सांगितलं, माझ्या वर्कशॉपमध्ये रोज लागतो. ते म्हणाले, मग बँड तिकडे न्यावा लागेल. विनोद असावा.

पाणी प्यायला बाहेर गेलो तर आतून वरचा जी ऐकू आला. छान, सहज, गोल. आत आलो तर दातवाला रुमालाने माउथपीस पुसत होता. हॉलचा माइक शिट्टी मारत असणार.

वर्कशॉप आज बंद होतं तरी घरी येताना कुलूप काढून कंप्रेसर रूममध्ये वाजवून बघितलं. लागला नाही. रविवारी मूड नसतो.

११ मार्च, बुधवार

फोरमनला विचारलं, ऐकू येतो का सूर. अर्ध्या कानाचा माणूस, त्याचं मत महत्त्वाचं. म्हणाला, येतो मालक, तुम्ही चहाला बाहेर गेला होतात तेव्हाही येत होता. माणसाच्या कानात सूर घर करून राहतो तो असा.

१३ मार्च, शुक्रवार

प्रगती. ॲपची सुई जीच्या पुढे गेली. माझा सूर आपोआप चढत चाललाय, शिवाय जाड होतोय. आज तर त्याला खरखर आली, जाणत्या वादकांच्या सुराला असते तशी. मी काहीच वेगळं करत नाही. एकदा पाया पक्का झाला की कला स्वतःच पुढे जाते.

१५ मार्च, रविवार

मास्तरांना रेकॉर्डिंग ऐकवलं. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, यात मला दोन आवाज येतात. एक हवेचा, एक सुराचा. परत ऐकवा. परत ऐकवलं. म्हणाले, यातले तुम्ही कुठले?

एका वाद्यातून एकाच वेळी दोन आवाज काढणं हे फार पुढचं तंत्र आहे, असं वाचलं होतं. मला ते न शिकता आलं.

मास्तर म्हणाले, सोलो तुमचाच, शब्द दिलाय. पण खालचा जी लक्षात ठेवा.

मत्सर वयाने जात नाही.

१७ मार्च, मंगळवार

आमंत्रणं गेली. जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं. लाँड्रीवाला, हॉस्पिटलचा इंजिनिअर, पोहण्याच्या तलावाचा मॅनेजर. प्रत्येकाला सांगितलं, शेवटचा सूर चुकवू नका.

रेकॉर्डिंग कन्येला पाठवलं. काहीही लिहिलं नाही, नुसतं पाठवलं. तिने आपणहून ओळखावं.

उत्तर लगेच आलं. "बाबा, कंप्रेसरच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय. पट्ट्याच्या बाजूचं. मी फुली मारून आले होते. कोणी काढलं का नाही?"

वाईट वाटलं. पोटच्या पोरीने बापाच्या सुराला बेअरिंग म्हणावं. आणि खडू माझ्या खिशातून घेतला केव्हा? लिहिलं, तो मी आहे.

तिने लिहिलं, "वाजवणं थांबवून एकदा स्क्रूड्रायव्हर लावून बघा ना."

माझीच विद्या मला. बघितलं नाही. स्वतःच्या मशिनीला स्क्रूड्रायव्हर लावणं म्हणजे घरच्या माणसावर संशय घेणं.

२० मार्च, शुक्रवार

सूर आता इतका मोठा झालाय की वाद्य तोंडाला लावायच्या आधीच खोलीत असतो. मास्तरांचं वाक्य आठवलं, सूर आधी ऐकायचा, मग फुंकायचा. तिथे पोचलो म्हणायचं.

२३ मार्च, सोमवार

कन्या रात्री आली. दमलेली. जेवताना विचारलं, बेअरिंग? मी म्हणालो, कार्यक्रम होऊ दे. ही दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ही म्हणाली, तुम्ही दोघं कशाबद्दल बोलताय ते मला नका सांगू, मला झोप लागते ती बरी लागते.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी कंप्रेसर जाम झाला.

मी आत उभा होतो. सूर उंच उंच गेला, इतका की दातवाल्याने सात जन्मांत ऐकला नसेल. मग किंचाळला. मग पट्ट्यातून धूर, जळका वास आणि सगळं बंद. सॅक्सोफोन माझ्या तोंडात होता. मी अजून फुंकत होतो. खोलीत नुसती हवेची फुस्स ऐकू येत होती. सायकलच्या ट्यूबसारखी.

बर्फवाल्याची मोटार रंगासाठी तयार होती, हवा नाही म्हणून रंग थांबला. सगळी मंडळी दारात. फोरमनने टोपी काढली, का ते माहीत नाही.

कन्येने मोटार उतरवली, पुलर लावून बेअरिंग काढलं. आत ग्रीसचा काळा कोळसा, गोळ्या निळ्या पडलेल्या. तिने ते चिंधीत धरून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"अचानक गेलं म्हणायचं ना, बाबा?"

फोरमन छताकडे बघत होता. अर्धे कान, पण एवढं बरोबर ऐकू आलं त्याला.

२५ मार्च, बुधवार

कन्येने दिवसभर बसून मोटार वाइंड केली, नवं बेअरिंग घातलं. संध्याकाळी कंप्रेसर चालू. तुपासारखा चालतो. मी आत जाऊन दार लावलं, एअर गन सोडायला सांगितली, डोळे मिटले, पूर्ण ताकदीने फुंकलं.

हवा.

खोलीचा रेझोनन्स नव्या बेअरिंगमुळे गेला असावा. तांत्रिक कारण आहे, त्यावर उपाय असतो.

कन्येला बाजूला घेऊन म्हणालो, जुनं बेअरिंग टाकलं नसशील तर शनिवारपर्यंत परत बसवता येईल का. फक्त सरावापुरतं.

ती बघत राहिली. ती मशीन ऐकताना अशी उभी राहते, मान किंचित तिरकी. मी तशीच मान करतो.

बेअरिंग नको म्हणालो.

२६ मार्च, गुरुवार

आजारी पडावं असा विचार केला. दात हे कारण शेजारी आधीच रुजलेलं आहे. पण दाताचं म्हटलं की दातवाल्याकडेच जावं लागणार.

मास्तरांना फोन करून सोलो सोडावा, असं ठरवून फोन उचलला. बर्फवाल्याचाच फोन आला. तो सहकुटुंब येतोय, मेहुण्यालाही आणतोय, शेवटचा सूर चुकवायचा नाही असं सगळ्यांना बजावलंय.

दोन नंबरची रीड काढली. ओठ सैल, जीभ वर. हिच्या उशीत तोंड घालून वाजवलं. क्षणभर काहीतरी आलं. चिमणीच्या पिलाएवढं. मग गेलं. ते खरंच माझं होतं, कारण घरात कुठलीही मोटार चालू नव्हती. मी फ्रिजसुद्धा बंद केला होता.

फ्रिज परत चालू करायला विसरलो. ही बोलत नाहीये.

२७ मार्च, शुक्रवार

शाळेत शेवटची रिहर्सल. मी खालचा जी घेतला. मास्तरांची भुवई जागेवरच होती. दातवाला रुमालाने माउथपीस पुसत होता. सहज छताकडे, कोपऱ्यांत बघितलं. त्या हॉलमध्ये माइकच नाही. कधी नव्हताच.

तीन आठवड्यांपूर्वीचा तो सहज, गोल जी कुणाचा होता ते मला आता ऐकू आलं.

संकल्प: उद्या खालचाच घ्यायचा. पोक्तपणाने.

२८ मार्च, शनिवार, कार्यक्रमानंतर

हॉल भरला होता. पहिल्या तीन रांगा माझ्या गिऱ्हाइकांच्या. बर्फवाल्याने मेहुण्याला कोपराने ढोसलं ते मला स्टेजवरून दिसलं.

सोलो बरा चालला. मधला भाग तर चांगलाच. टोकाला आलो, बँड गप्प झाला, मास्तरांचा हात हवेत. खालचाच घ्यायचा हे पक्कं ठरलेलं होतं. पण एवढी माणसं. मी वरचा घ्यायला गेलो.

हवा.

टाउन हॉल फार शांत असतो. सातशे खुर्च्यांपैकी एकही करकरली नाही. मास्तरांचा हात तसाच. मी गळा, जीभ, ओठ, जे जे आठवलं ते सगळं एकदम केलं आणि त्यातून काहीच निघालं नाही. मग दम संपायच्या आत खाली उतरलो आणि खालचा जी धरला. साधा, गुबगुबीत, पहिल्या वर्षी शिकवतात तो. संपेपर्यंत धरला. पडदा.

टाळ्या.

बाहेर बर्फवाल्याने दोन्ही हातांत माझा हात घेतला. म्हणाला, वा, काय उंच लावलात, आणि त्याआधी जे थांबलात ना, अंगावर काटा आला. मेहुण्याच्याही आला. हॉस्पिटलचा इंजिनिअर म्हणाला, असा सूर ऐकला नव्हता. तलावाच्या मॅनेजरचे डोळे ओले. दातवाला आला, म्हणाला, काका, खालचा जी सुंदर धरलात. त्याच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता.

घरी येताना गाडीत मी हिशेब केला. इतक्या लोकांनी उंच ऐकला. सगळ्यांचे कान खोटे कसे असतील? कदाचित मी समजतो त्यापेक्षा वरच लागला असेल. स्टेजवर स्वतःला नीट ऐकू येत नाही, हे तर सगळेच सांगतात. ही मागच्या सीटवर झोपली होती. कन्या गाडी चालवत होती. म्हणालो, काही म्हण, लोकांना तो सूर बरोबर वाटला.

"हो," ती म्हणाली. "त्यांना त्यांचे पंपसुद्धा ठीकच वाटतात, बाबा."

पुढे घर येईपर्यंत गाडीचा आवाज ऐकत बसलो. पुढचं डावं चाक, किंचित.

तिने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, डावं. मी म्हणालो, डावं.

३० मार्च, सोमवार

सकाळी लाँड्रीवाल्याचा फोन. पंप आवाज करतोय, ऐकून सांगा. मी फोन कानाला लावला, मग तिच्या कानाला लावला. सगळं वर्कशॉप आपोआप गप्प झालं. ती ऐकत असताना मीही बोललो नाही. अवघड गेलं.

खडू तिला दिला. ती म्हणाली, खिसा नाही. कानामागे खोचला.

सॅक्सोफोन पुसून केसमध्ये ठेवला. केस कपाटावर. सोडलाय असं नाही. मास्तरांचं ते खालच्या सुराचं वर्ष एक एप्रिलपासून सुरू करायचं आहे.

६ एप्रिल, सोमवार

एक एप्रिलला पाहुणे होते. मग सुरुवातीला बुधवार नको असं ठरलं.

जेवणाच्या सुट्टीत फोरमन शेजारी येऊन बसला. बराच वेळ डबा चिवडत होता. मग म्हणाला, मालक, लहान तोंडी सांगतो, पण ते नवीन बेअरिंग बसल्यापासून तुमचं वाजवणं फार सुधारलंय. हल्ली बाहेर बसून कामही होतं आणि कानाला त्रासही होत नाही.

केस अजून कपाटावर आहे. त्यावर हिने उश्यांचे अभ्रे ठेवलेत.